राहेलच्या घरात दहा माणसं

शनिवारी राहेलनं फोन उचलला नाही तर मलकापुरात कुणालाच काळजी वाटत नसे. शुक्रवारी सूर्य मावळायला आला की तिचा फोन स्वयंपाकघरातल्या कपाटात जायचा आणि शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की बाहेर यायचा. आमच्या गल्लीला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की सिलिंडरवालाही शनिवारी तिची बेल वाजवत नसे. दीड महिन्यापूर्वीच्या त्या शनिवारी मी कवठे महांकाळला भाचीच्या वास्तुशांतीला गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा आभाळ चांदण्यांनी भरलं होतं आणि शेजारच्या खिडकीत मात्र अंधार होता. तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. आत गेले. राहेल खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर प्रार्थनेचं पुस्तक, चष्मा नाकावर जरासा घसरलेला... हाताला हात लावला तेव्हा कळलं. खरं सांगते, रडू फुटण्याआधी माझ्या मनात आलं ते हे, की बाई गेली तीही शनिवार पाळून गेली. दिवसभर कुणाला धावपळ करू दिली नाही, आणि चांदण्या निघाल्यावरच जगाला कळू दिलं. मग मात्र मी तिथंच खाली बसले आणि पोटभर रडले.

राहेल किहिमकर. आडनाव ऐकून लोक तिला कोकणातली समजायचे, आणि ते खरंही होतं. ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांतली. शेकडो वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्याला लागलेली ही माणसं गावोगाव तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. राहेलचा नवरा सालोमन कोयनानगरला वीजघरात इंजिनीअर होता आणि राहेल तिथल्या शाळेत गणित शिकवायची. मी त्याच शाळेत मराठीला. आमची मैत्री भांडणानं सुरू झाली. शाळा शनिवारी सकाळची असायची आणि ही बाई शनिवारी यायची नाही. तिच्या तासिका माझ्या गळ्यात. मी मुख्याध्यापकांकडे जाऊन चांगली फणफणले. त्यांनी शांतपणे सांगितलं की किहिमकर बाई दर रविवारी कच्च्या मुलांना घरी बोलावून गणित शिकवतात, तुम्ही रविवारी काय करता? मी रविवारी झोपा काढायचे. पुढच्या सोमवारी राहेल स्वतःच माझ्याकडे आली, सोबत डब्यात नारळाच्या दुधातला हलवा. माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो, त्याची भरपाई होणार नाही, पण हे खा, म्हणाली. तो हलवा खाल्ल्यावर माझी तक्रार करण्याची ताकदच गेली.

तिचा शनिवार म्हणजे हट्ट नव्हता, हे कळायला मला एक शनिवारच लागला. पाटणच्या वाटेवरच्या वस्तीतला एक गडी गवत कापताना साप चावून पडला. जीप कुठली मिळेना, सालोमन ड्यूटीवर. राहेल घरातून निघाली, गाडी काढली, त्याला मागच्या सीटवर घातलं आणि त्या वळणावळणांच्या रस्त्यानं दवाखाना गाठला. माणूस वाचला. संध्याकाळी मी विचारलं, अगं, आज तुमचा शब्बाथ ना? काम, गाडी, सगळं बंद? तर म्हणाली, "हो. आणि जीव वाचवायचा असेल तर तो मोडावाच लागतो. हा आमचाच नियम आहे." मुख्याध्यापकांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांना वाटलं, आता बाईचा शनिवार ढिला झाला. पुढच्याच शनिवारी शाळेची तपासणी होती. त्यांनी तिला यायचा आग्रह केला. राहेल अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, तपासनीसांना साप चावला तर नक्की येईन."

निवृत्तीनंतर सालोमननं मलकापुरात प्लॉट घेतला, शेजारचा मी घेतला, आणि आम्ही एका कुंपणभिंतीच्या दोन बाजूंना राहू लागलो. त्यांच्या नात्यातली निम्मी माणसं तोवर इस्रायलला गेली होती. मुलगा योनाथानही अश्दोदला स्थायिक झाला. हे दोघं मात्र हलेनात. ऊसवाल्यांच्या आणि फौजींच्या गल्लीत ज्यूंचं हे एकटं घर. दारावरच्या चौकटीला लावलेल्या छोट्या नळीला, ज्यात त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळी गुंडाळून ठेवलेल्या असतात, सुरुवातीला लोक थर्मामीटर समजायचे. आणि राहेल मटण खात नाही म्हणून अख्ख्या गल्लीचा समज असा की ज्यू म्हणजे कडक शाकाहारी जात. यात्रेच्या दिवशी घरोघरी बोकड शिजत असायचा आणि ही प्रत्येकाच्या घरी जाऊन भाकरी-पिठलं खाऊन यायची. खरी गोष्ट अशी की त्यांच्या रीतीनं प्राणी कापणारा माणूस इथं नव्हता, म्हणून तिनं मटणच सोडलं. बाजारात खवल्यांचा मासा मिळाला की तेवढा मात्र चवीनं खायची.

सालोमन गेला तेव्हा त्याला पुण्याला त्यांच्या दफनभूमीत नेलं. राहेल परत मलकापूरला आली आणि सात दिवस जमिनीवर बसली. गल्लीतल्या बायका तिच्या शेजारी चटईवर बसायच्या, रोज एकेक घर जेवण आणायचं. पण एक गोष्ट राहून गेली. मेलेल्या माणसासाठी त्यांच्यात कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतात, आणि ती म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. नऊ असून चालत नाही. पुण्यात झाली, या घरात नाही. आमच्या समोरचे सुभेदार आण्णा, पलटणीतून निवृत्त झालेले, त्यांनी हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी टोप्या घातलेले दहा मावळे घेऊन दारात हजर. "आवं बाई, धा माणसं पायजेत ना? ही घ्या. आनी लागली तर आनतो. काय म्हनायचं तेवडं सांगा, आमी म्हनतो." राहेल त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तिनं सगळ्यांना आत घेतलं, सरबत दिलं आणि आण्णांना समजावून सांगितलं की तुम्ही बसा, जितके दिवस बसायचंय तितके बसा, पण तुम्हाला मोजता येणार नाही. आण्णांना ते पटलं नाही. फौजेत हजेरी घेताना कुणी जात विचारत नाही, असं ते मला बाहेर येऊन पुटपुटले.

त्यानंतर दरवर्षी सालोमनच्या तिथीला राहेल दहा माणसं जमवायची खटपट करायची. पुण्याचे नातेवाईक म्हणायचे, तू इकडे ये, इथं सिनेगॉग आहे, माणसं आयती आहेत. ती म्हणायची, सालोमन पुण्याला राहिलाच कधी? त्याचं घर इथं आहे. कधी चार जण आले, कधी सात. उरलेल्यांची लग्नं, दुखणी, बंद पडलेल्या गाड्या. तिकडून योनाथान रोज फोनवर मागे लागलेला की आई, एकटी नको राहूस, इकडे ये, इथं सगळे आपले आहेत. मी एकदा तिला विचारलं, खरंच का जात नाहीस? ती म्हणाली, "तिथं शनिवारी रस्ताच बंद असतो, शालन. शनिवार आयता मिळतो. इथं तो मला स्वतः करावा लागतो. मला करायची सवय झालीय." पण एका हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली, हाताचं हाड मोडलं, आणि योनाथानचा धीर सुटला. तेव्हा राहेलनं त्याच्याशी करार केला. पुढच्या तिथीला या घरात दहा माणसं उभी राहिली आणि कद्दिश झाली तर मी शेवटपर्यंत इथंच राहीन, तू पुन्हा विषय काढायचा नाहीस. नाही झाली तर मी समजेन की इथलं घर आता ज्यूचं घर राहिलेलं नाही. घर विकून तुझ्याकडे येईन.

मला हे कळलं तेव्हा मी तिच्यावर भयंकर चिडले. म्हणजे काय, माझी शेजारीण राहणार की जाणार हे पुण्या-ठाण्याच्या पुरुषांच्या सवडीवर ठरणार? ती म्हणाली, चिडू नकोस, पोहे निवडायला ये. तिनं नवस बोलला होता, दहा जण आले तर मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुका मेवा, वर फळं मांडायची आणि एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची. आपल्या कोकणच्या मातीतलाच पदार्थ, पण जगातल्या दुसऱ्या कुठल्या ज्यूला ठाऊक नसलेला.

तिथी त्या वर्षी रविवारी आली. सकाळी पुण्याहून गाडी आली, ठाण्याची माणसं आली, प्रार्थना चालवणारे वयस्कर हजान आले. नऊ झाले. दहावा राहेलचा चुलतभाऊ, अलिबागेकडून कुंभार्ली घाटानं यायचा होता. त्याचा फोन आला की चिपळूणला चक्कर येऊन पडलो, डॉक्टर उठू देत नाहीत. सूर्य मावळायच्या आत प्रार्थना व्हायला हवी होती. ओट्यावर मलिद्याची परात भरून ठेवलेली, आणि तिच्याकडे बघायची कुणाची हिंमत होईना. कुणीतरी योनाथानला व्हिडिओवर लावला, तर हजान म्हणाले, पडद्यावरचा माणूस चालत नाही. मला राहवलं नाही. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, दहावी ही उभी आहे की. ज्या बाईनं इतकी वर्षं एकटीनं हे घर तुमच्या धर्मात ठेवलं तिला मोजा. हजान भले गृहस्थ होते, त्यांचा चेहरा पडला. पण उत्तर राहेलनंच दिलं.

"नको, शालन. काही ठिकाणी आता बायकांना मोजतात, आणि मला त्याचा आनंद आहे. पण सालोमन ज्या रीतीत वाढला त्या रीतीनं मला हे करायचंय. सवलत घेऊन नाही जिंकायचं मला."

मी तणतणत बाहेर ओसरीवर येऊन बसले. या सगळ्या गडबडीत सुभेदार आण्णा सकाळपासून गायब होते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुपारी त्यांच्या दारात मिरजेहून एक मोटार येऊन थांबली. आतून टाय लावलेले, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उतरले आणि आण्णांनी त्यांना विजयी वीरासारखं राहेलच्या दारात आणून उभं केलं. "ह्ये घ्या. सॅम्युअल सर. आमच्या पलटनीतल्या दोस्ताचे शेजारी. नावच सॅम्युअल हाय, आता इचारायचं काय?" ते बिचारे सर गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिले. आण्णांनी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की एका बाईंच्या घरी प्रार्थनेला माणूस कमी पडतोय, लगेच या. सर हळूच म्हणाले की मी यायला तयार आहे, पण मी ख्रिस्ती आहे. आण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. नावं तर सगळी तीच, मग फरक काय, असं ते मलाच विचारायला लागले.

राहेलनं सरांना ओसरीवर बसवलं, चहा दिला, इतक्या लांबून आल्याबद्दल आभार मानले. काय अडलंय ते तिनं त्यांना सविस्तर सांगितलं. सर कप हातात धरून ऐकत होते. मग त्यांनी एकदम विचारलं की बाई, तुमच्या लोकांत शनिवारी काम बंद ठेवतात ना? सांगलीत हळदीच्या बाजारात तराजू-काटे दुरुस्त करणारे एक नवगावकर म्हणून आहेत. एकटा माणूस. बाजार भरलेला असतो, व्यापारी बोंबलत असतात, तरी शनिवारी दुकान उघडत नाही. कारण विचारलं तर सांगत नाही. आम्ही सगळे त्याला विक्षिप्त म्हणतो. बैठकीत बसलेले हजान हे ऐकून उठून ओसरीवर आले, नवगावकर हे तर आमच्यातलंच आडनाव, म्हणाले. सरांनी अर्धा चहा तसाच ठेवला, गाडी वळवली आणि सांगलीकडे निघाले.

ती दुपार मी आयुष्यात विसरणार नाही. राहेल एकदाही दारात आली नाही. तिनं स्वयंपाकघरात भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मी तिच्या बाजूला उभी राहून पुसत होते. उन्हं समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढली, तेव्हा ती म्हणाली, शालन, गेले तर तुला त्या हलव्याची कृती देऊन जाईन. मी म्हटलं, मला नको तुझी कृती. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

उतरला तो एक किडकिडीत म्हातारा, जुना कोट घातलेला, हातात घडी केलेली टोपी. हजान त्याला निरखत होते. इतकी वर्षं कुणाला काही न सांगणारा हा माणूस खरंच आपल्यातला असेल का, ही शंका त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. म्हातारा पायऱ्या चढला, दारापाशी थांबला, चौकटीवरच्या त्या नळीला बोटं लावली आणि तीच बोटं ओठांना लावली. कुणी सांगितलं नाही, कुणी दाखवलं नाही. हजान पुढं झाले आणि त्याचा हात धरून म्हणाले, कुणाचा तू? त्यानं बापाचं नाव सांगितलं, आज्याचं सांगितलं, गावच्या सिनेगॉगच्या विहिरीचं वर्णन केलं. तो तरुणपणी कामाच्या शोधात सांगलीला आला, लग्न केलं नाही, आपल्यांतलं कुणी भेटलं नाही आणि लोकांना समजावत बसण्यापेक्षा गप्प राहणं त्याला सोपं वाटलं. मला सगळं येत नाही आता, तो म्हणाला, शनिवार तेवढा ठेवलाय.

सूर्य अजून टाकीच्या वर होता. दहा पुरुष बैठकीत पूर्वेकडे... नाही, चुकले, पश्चिमेकडे, यरुशलेमच्या दिशेला तोंड करून उभे राहिले. राहेल स्वयंपाकघराच्या दारात, मी तिच्यामागे, आणि ओसरीवर अख्खी गल्ली. सॅम्युअल सर पायरीवर डोकं झाकून बसले होते. कद्दिश सुरू झाली. मला शब्द कळत नव्हते, पण मध्येमध्ये सगळे आमेन म्हणायचे आणि त्यांच्यामागून, अर्ध्या क्षणानं उशिरा, आण्णांच्या तुकडीचा खणखणीत आमेन यायचा. नवगावकरांचे ओठ हलत होते आणि डोळे वाहत होते. राहेल रडली नाही. ती ताठ उभी होती, शाळेत निकाल वाचून दाखवताना उभी राहायची तशी. संपल्यावर तिनं योनाथानला फोन लावला. "झाले दहा. मी इथंच आहे," एवढंच बोलून तिनं ठेवून दिला. मग परात उचलली आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या ओंजळीत मलिदा घातला. पहिला घास सॅम्युअल सरांना, दुसरा आण्णांना.

त्यानंतर नवगावकर दर शुक्रवारी दुपारच्या एसटीनं सांगलीहून यायचे आणि रविवारी सकाळी परत जायचे. राहेल त्यांना विसरलेलं सगळं पुन्हा शिकवायची, आणि शाळेत जशी रागवायची तशीच रागवायची. पुढच्या तिथीला बारा जण आले. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जास्त. पुण्याची तरुण मुलं तर मलकापूरची तिथी म्हणजे सहल समजायला लागली होती. आणि ती गेली त्या शनिवारी मात्र नवगावकर आले नव्हते, ताप होता म्हणून. हे त्यांना फार लागून राहिलंय. मी त्यांना समजावते की तिला एकटीनं शनिवार करायची जुनी सवय होती.

योनाथान आला. पुण्याला आईला वडिलांशेजारी ठेवून तो या घरात परतला आणि सात दिवस जमिनीवर बसला. त्या सातही दिवशी संध्याकाळी दहा माणसं जमली. कुणी साताऱ्याहून गाडी पकडून आलं, कुणी पुण्याहून मुक्कामाला आलं. कुणाला बोलवावं लागलं नाही. शेवटच्या दिवशी योनाथान माझ्या ओसरीवर येऊन बसला. घराचं काय हा प्रश्न आमच्या दोघांच्या मध्ये बसलेलाच होता. तो म्हणाला, "मावशी, मी ते विकायला आलो होतो. आता मला ते शक्य नाही. करार तिनं जिंकलाय." किल्ली त्यानं नवगावकरांना दिली. त्यांनी सांगलीतली भाड्याची खोली सोडली, काटे दुरुस्तीची हत्यारं घेऊन इथं राहायला आले आणि आता शनिवार सोडून सगळे दिवस गॅरेजमध्ये ठाकठूक चालू असते.

शुक्रवारी संध्याकाळी ते दिवा लावतात आणि शब्बाथच्या स्वागताचं गाणं म्हणतात. आवाज बरा आहे, पण चाल अजून पक्की नाही. तिसऱ्या ओळीला सूर जिथं चढायला हवा तिथं ते खाली उतरतात. मी पहिले काही शुक्रवार गप्प बसले. धर्म माझा नाही, भाषा मला कळत नाही, मी कोण सांगणार? पण कोयनानगरच्या क्वार्टरपासून या कुंपणभिंतीपर्यंत ते गाणं मी इतके शुक्रवार ऐकलंय की गेल्या आठवड्यात ते पुन्हा खाली उतरले आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी भिंतीपाशी गेले आणि म्हटलं, "नवगावकर, तिथं वर जायचं असतं. राहेल वर जायची." त्यांनी पलीकडून विचारलं, कसं, म्हणून दाखवा. मी या वयात, त्या भिंतीपाशी उभी राहून, एक अक्षर कळत नसताना ती ओळ गाऊन दाखवली. नवगावकरांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्या ओळीला ते वर गेले.